सगळ्याच चिमण्या नव्हेत

ज्वारी निसवली, दाणा चिकात आला की आमच्याकडं एकच ओरड सुरू होते. "चिमण्यांनी रान खाल्लं." सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या कोरडवाहू रानात मी पन्नास वर्षं ही ओरड ऐकतोय आणि पन्नास वर्षं मला तिचा राग येतोय. रान खाल्लं हे खरं. पण चिमण्यांनी खाल्लं, हे बहुतेक वेळा खोटं असतं. खाणारा एक, नाव दुसऱ्याचं, आणि शिक्षा तिसऱ्यालाच. कोर्टात असा न्याय कुणी केला तर आपण त्याला काय म्हणू?

मी दहावी शिकलेला माणूस. पक्षिशास्त्राची डिग्री माझ्याकडं नाही. पण मला सांगा, सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जाऊन कुणी म्हणालं, "बैल तो बैल, त्यात काय बघायचं," तर त्याला तिथं उभं करतील का? कोसा खिलार कुठला, काजळी कुठला, हे आपली बारकी पोरं लांबून सांगतात. मूठभर दाणे हातात घेऊन मालदांडी हाय का दुसरी, हे म्हातारी माणसं अंधारात चाचपून सांगतात. मग त्याच माणसांच्या डोळ्यापुढं, त्याच ज्वारीच्या कणसावर रोज बसणारी सात-आठ जातीची पाखरं आणि साऱ्यांना नाव एकच, चिमणी. डोळ्यांचा यात काही दोष नाही. बघायचंच नाही असं ठरवलेलं असलं म्हणजे असं होतं.

कुणी म्हणेल, नावाला काय करायचंय? पाखरू हाकललं म्हणजे झालं. तर नावाला काय करायचंय तेच सांगतो.

मागं एकदा शेजारच्या बांधकऱ्यानं मला सांगितलं, "तात्या, तुमची ती विहिरीवरची बाभळ काढून टाका. साऱ्या चिमण्यांचं घर हाय ते."

मी म्हणालो, "कुठल्या चिमण्या?"

"आता चिमणीला काय आडनाव असतंय व्हय? बारकं, तपकिरी, कणसावर बसतंय ती चिमणी."

त्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं नुकसान खोटं नव्हतं. दोन पट्ट्यांतली कणसं वरून निम्मी पांढरी पडली होती, दाण्याच्या जागी नुसती बोंडं. पण ते काम केलं होतं भारटांनी. भारीट म्हणजे चिमणीपेक्षा अंगानं थोडं मोठं, लांब शेपटीचं, शेपटीच्या टोकाला खाच असलेलं, खालून पिवळसर पाखरू. दसरा-दिवाळीच्या दरम्यान थव्यांनी येतं आणि पाडव्याच्या आसपास निघून जातं. ते इथं घरटं बांधतच नाही. काळ्या डोक्याच्या भारटाचं घर युरोपच्या आग्नेय टोकापासून तुर्कस्तान, इराणपर्यंत. लाल डोक्याच्याचं मध्य आशियात. आता माझी बाभळ तोडून इराणातलं घरटं कसं मोडणार? रात्रीला ते बाभळीवर बसतं हे खरं, पण ती नसली तर पुढच्या ओढ्याच्या वेड्या बाभळीवर बसेल. त्याला काय, सारा मुलूख पडलाय.

बाभळीवर घरटी होती ती सुगरणीची. आणि सुगरणीनं सारा पावसाळा, आषाढापासून भाद्रपदापर्यंत, पिलांच्या चोचीत काय घातलं होतं? नाकतोडे आणि अळ्या. तुमच्याच तुरीवरच्या, तुमच्याच मक्यावरच्या. सुगरण दाणा खातच नाही असं मी म्हणणार नाही. खाते, चांगलीच खाते. पण तिचं खातं वेगळं लिहा. भारटाची उधारी तिच्या नावावर टाकू नका. बाभळ तोडली असती तर भारीट जसंच्या तसं राहिलं असतं आणि अळी खाणारं तेवढं गेलं असतं. एक नाव न कळल्याचा हा हिशेब आहे.

बाभळ मी तोडली नाही. शेजाऱ्यानं मग काय केलं? बांधाच्या कडेनं औषध चोळलेले दाणे टाकले. दोन दिवसांनी मेलेलं काय काय सापडलं ते मी स्वतः गोळा केलंय. होले, दोन तित्तर, जमिनीवर चालणारे चार-पाच डोंबारी आणि दोन खऱ्या घरचिमण्या. भारीट एक पण नाही. कसं सापडणार? भारटाचं ताट वर कणसावर वाढलेलं असताना ते कशाला मातीतला दाणा टिपायला उतरेल? जमिनीवर चरणारी होती ती मेली. त्यातला डोंबारी तर चंडोलाच्या घराण्यातला. नर हवेत उंच चढून शीळ घालत दगडासारखा खाली येतो आणि जमीन जवळ आली की परत वर उसळतो, म्हणून डोंबारी. त्याची मादी मातकट, लांबून थेट चिमणीसारखी. पण चिमणी टुणटुण उड्या मारत जाते आणि डोंबारीण पाय टाकत चालते. एवढं एक बघितलं तरी दोघींत गल्लत होत नाही. बघायला पैसे पडत नाहीत.

आता लोक विचारतात, साऱ्याच तपकिरी, मग ओळखायचं कसं? आधी कान उघडायचे. डोळा फसतो, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात सगळीच पाखरं काळी दिसतात. आवाज फसवत नाही. माझ्या आज्याला म्हातारपणी धड दिसत नव्हतं, पण माळ्यावर बसून तो सांगायचा, "ही सुगरण, जाऊ दे, वैरणीच्या गवतात उतरतीय," आणि "उठ, भारडं आली." मी पोरगा, गोफण घेऊन पळायचो. घरचिमणीची चिवचिव सगळ्यांना ठाऊक आहे. कोरडी, भांडखोर, एकसारखी. सुगरण एकटी असली तर चिमणीसारखंच चिट-चिट करते, पण चार नर घरट्यापाशी जमले की त्या चिट-चिटच्या शेवटाला सगळे मिळून एक लांब, घरघरता 'चीईईई' काढतात. कुरकुरणाऱ्या दारासारखा. तो एकदा ऐकला की जन्मभर विसरत नाही. भारटाचा थवा उडताना तुटक, धारदार 'झिट, झिट' येतो. त्यात गोडवा नाही.

मुनियांचा आवाज याहून बारीक. आमच्या माळाला राहते ती चंदेरी मुनिया, काही जण पांढऱ्या गळ्याची म्हणतात. फिकट मातकट रंग, पोट पांढरं, शेपूट काळी आणि टोकदार, चोच अंगाच्या मानानं जाड, शिशाच्या रंगाची. लहान पोरीच्या हातातली काचेची काकणं एकमेकांवर लागावीत तसा तिचा टिट-टिट आवाज. ट्रॅक्टर चालू असला तर ऐकूच येत नाही. ठिपक्यांची मुनिया पाण्याच्या, उसाच्या बाजूला जास्त. पाठ चॉकलेटी, छातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. तिचा आवाज 'किट्टी-किट्टी' असा दबका. तिची यंदाची पिलं मात्र नुसती तपकिरी असतात, ना खवले ना नक्षी, आणि इथंच निम्मी माणसं हात टेकतात. अशा वेळी ते पिलू कुणाच्या थव्यातनं उडालं ते बघायचं. पाखरू एकटं ओळखायला जाऊ नये, सोबत बघावी.

हिवाळ्यातली सुगरण हा तर परीक्षेतला अवघड प्रश्न. पावसाळ्यात नराचं डोकं हळदीसारखं पिवळं, तोंड काळपट, आंधळ्यालाही कळावं असं. (जाता जाता सांगतो, सुगरण म्हणून आपण बाईचं कौतुक करतो, पण तो खोपा विणतो नर. मादी फक्त येऊन बघते, पसंत नसेल तर अर्धा टांगलेला खोपा तसाच सोडून निघून जाते.) पण दिवाळीनंतर तो पिवळा रंग उतरतो आणि नर-मादी दोघं घरचिमणीच्या मादीसारखी दिसायला लागतात. फरक राहतो तो चोचीत, ती जाड आणि कपाळातनं सरळ निघाल्यासारखी. पाठीवर गडद रेघा, पोटाकडं पिवळट झाक, शेपूट आखूड. आणि थवा. सुगरणींचा थवा एका दोरीनं ओढल्यासारखा एकदम वळतो, चिमण्या चार दिशांना फुटतात. बहिणाबाईंची खोप्याची कविता ज्यांना शाळेपासून तोंडपाठ आहे, अशा मास्तरांना मी पौषात खळ्यावर उतरलेली सुगरण दाखवून विचारलंय. "चिमणीच की," म्हणाले. कविता पाठ आणि पक्षी अनोळखी, असं आपलं शिक्षण.

भारटाचीही गंमत अशीच. काळ्या डोक्याचं म्हणतात, पण ते येतं तेव्हा डोकं काळं दिसतच नाही. नव्या पिसांची फिकट किनार त्यावर झाकण घालते. हिवाळाभर ती किनार झिजत जाते आणि फाल्गुनात, जायच्या वेळेला, आतलं काळंभोर डोकं उघडं पडतं. दोन्ही जातींच्या माद्या तर इतक्या सारख्या की जाणकार माणूसही वहीत नुसतं 'भारीट मादी' लिहून पुढं जातो. त्यात कमीपणा काही नाही. जिथवर दिसतं तिथवर सांगावं. चिमणी म्हणून मोकळं होण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

हे झालं आमच्या गावाचं. शहरातल्यांना वाटत असेल, बरं झालं, शेतकऱ्यांना चांगलं सुनावलं. थांबा, तुमचीही पाळी आहे.

दर वर्षी २० मार्चला चिमणी दिन येतो. २०१० पासून तो जगभर होतो आणि त्याची सुरुवात आपल्या नाशिककरांच्या पुढाकारानं झाली, याचा मला अभिमानच आहे. माझा पुतण्या पुण्यात असतो. एका चिमणी दिनाला त्यानं मला फोनवर फोटो पाठवला, "काका, आमच्या गॅलरीत चिमण्या परत आल्या!" फोटोत दोन ठिपक्यांच्या मुनिया होत्या. चोचीत गवताची लांब काडी, आणि मागं कुंडीतल्या वेलात विणलेला गवताचा गोळा. पुतण्यानं त्यांच्यासाठी लाकडी पेटी आणून भिंतीला ठोकली होती आणि "आता हा वेल छाटून टाकतो, त्यांना पेटीत जायला वाट मोकळी होईल," असंही लिहिलं होतं. मी लगेच फोन केला. बाबा, पेटीत राहते ती घरचिमणी, भिंतीच्या भोकात, वळचणीत राहणारी. मुनिया दाट पाल्यात गवताचा गोळा करून राहते. तू वेल छाटलास तर तिचं घर मोडशील आणि पेटी रिकामीच राहील. नशीब, कात्री लावायच्या आत फोन लागला.

प्रेम करायला नाव लागत नाही असं म्हणतात. पण घर द्यायचं तर लागतं. घरचिमणीला पेटी चालते. रानचिमणीला, म्हणजे गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या पीतकंठीला, झाडाची ढोली लागते, म्हणून जुनी वठलेली खोडं बांधावर ठेवावी लागतात. चंदेरी मुनिया कितीदा तरी सुगरणीच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोप्यात संसार मांडते, म्हणून "रिकामे खोपे शोभेला" म्हणून घरी नेऊन दिवाणखान्यात टांगू नयेत. लाल मुनियाला ओढ्याकाठचं उंच गवत आणि लव्हाळं लागतं, आणि आपण ओढे साफ करतो म्हणजे नेमकं तेच जाळतो. एकच पेटी सगळ्यांना, हा विचार एकच गोळी सगळ्या रोगांना देण्यासारखा आहे.

पीतकंठीवरून आठवलं. सलीम अली लहान असताना छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. मामांनाही ती कुठली ते सांगता येईना, म्हणून त्यांनी पोराला मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडं पाठवलं. साहेबांनी नाव सांगितलं आणि कपाटातले इतर पक्षीही काढून दाखवले. तिथनं पुढचं सगळं घडलं. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी ठेवली. मला यात त्या पोराइतकेच मामा मोठे वाटतात. "चिमणीच ती, टाक तिकडं," असं ते म्हणाले असते तर?

आता सगळ्यात वाईट प्रकार. आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात एकदा मला भाजीच्या गर्दीतनं ओळखीचा आवाज आला, बारीक 'सीं, सीं'. लाल मुनियांचा. शोधत गेलो तर बांबूच्या पिंजऱ्यात तीस-चाळीस पाखरं दाटून कोंबलेली, काही हिरवी, काही गुलाबी, काही पिवळी. रंग फासलेला. विकणारा म्हणाला, "फिंच हाय मालक, फॉरेनचा. जोडी घेऊन जावा." मी एक पाखरू वाकून बघितलं. हिरव्या रंगाखालून शेपटीच्या बुडाशी खरा लाल दिसत होता आणि पंखावर पांढरे बारीक थेंब. आमच्या ओढ्याचंच पाखरू, जाळं टाकून धरलेलं.

हा 'फिंच' शब्द म्हणजे शहरातली 'चिमणी' आहे. दुकानात पिंजऱ्यात मिळतो तो झेब्रा फिंच मूळ ऑस्ट्रेलियाचा, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेला. बंगाली फिंच म्हणतात त्याचा बंगालशी संबंध नावापुरता. पांढऱ्या पाठीच्या मुनियाच्या वंशातनं जपानात पाळून पाळून तयार झालेली ती जात. त्यांच्या शेजारी रानातली मुनिया नेऊन ठेवली की गिऱ्हाइकाला सगळं सारखंच, बारकं, जाड चोचीचं, गोंडस. रानपाखरू धरायला, विकायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. पण कायद्याला पाखरू ओळखता येत नाही, ते माणसानं ओळखायचं असतं. मी त्या दिवशी बाजारातल्या एका गणवेशातल्या माणसाला हाताला धरून पिंजऱ्यापाशी आणलं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "चिमण्याच हायत की ओ काका. गरीब माणूस हाय, पोट भरतंय." तोवर विकणारा पिंजरा उचलून गर्दीत दिसेनासा झाला.

लाल मुनियाची विक्री काही आजची नाही. इंग्रजीत तिला अ‍ॅव्हाडाव्हॅट म्हणतात, ते नाव अहमदाबादवरून पडलं. तिथनं ही पाखरं पिंजऱ्यात भरून परदेशी जायची. ज्या गावातनं विकली गेली त्या गावाचं नाव तिच्या कपाळी बसलं, आणि आपल्याकडं तिला जी नावं होती ती आपण चिमणी म्हणून पुसून टाकली.

कुणी म्हणेल, तात्या, पोट भरलेल्याची ही कामं, आम्हाला कुठला वेळ? मी तर पोटाचंच सांगतोय. राखणीला माणूस ठेवायचा तर आज मजुरी काय पडते ते तुम्ही जाणता, आणि ठेवायचा म्हटलं तरी मिळत नाही. भारटाची धाड पडते दिवस उगवल्यावर आणि पुन्हा दुपार कलल्यावर. भर उन्हात ती झाडावर बसून राहतात. दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंतचे दिवस सांभाळायचे, त्यातही सकाळ-संध्याकाळ. आवाज ओळखणाऱ्याला दिवसभर घसा फोडावा लागत नाही. बांधाच्या गवतावर मुनिया उतरल्या तर त्यांच्यामागं दगड घेऊन पळायची गरज नाही, त्या गवताचं बी टिपतायत. बाजरी करणाऱ्यांनी केसाळ कणसाचं बियाणं का जपलं होतं? पाखरांना ती कुसळं नकोशी होतात म्हणून. जुन्या माणसांनी बंदोबस्त केला, पण कुणाचा करायचा ते बघून केला. नायलॉनची जाळी आंथरून जे अडकेल ते मरू देणं हा बंदोबस्त नव्हे.

आणि कॅमेरेवाल्यांना एक विनंती. आमच्या माळावर हल्ली रविवारी मोठ्या नळकांड्यांचे कॅमेरे घेऊन मंडळी येतात, चांगली माणसं असतात, पण फोनवर पाखराचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. घरटं सोडून तो त्या फोनशी भांडत बसतो. आवाज ऐकून ओळखण्यासाठी असतो, बोलावण्यासाठी नव्हे.

ज्याला माझं पटत नसेल त्यानं पौषात यावं. माळा बांधलेला असतो, पूर्वेच्या पट्टीत. चौघं आरामात बसतात. दिवस उगवायच्या आत पोचायचं, घोंगडं आम्ही देऊ, हुरडा असेल. गोफणही देईन. फक्त दगड सोडायच्या आधी समोर बसलंय त्याचं नाव सांगायचं, आणि "चिमणी" म्हटलं तर नर का मादी, घरची का रानची, ते पण सांगायचं.